घरच्या घरी केलेल्या, खिशाला परवडणाऱ्या भेटवस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सण किंवा सुट्ट्या जवळ आल्या की भेटींची यादी वाढत जाते आणि हातातले पैसे तेवढेच राहतात. अशा वेळी स्वतः काहीतरी करून द्यावं असं अनेकांच्या मनात येतं आणि त्यासोबत शंकाही येतात. त्यांपैकी नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंकांची ही उत्तरं.

घरी केलेली वस्तू खरंच स्वस्त पडते का?

पडते, पण आपोआप नाही. मेण, साचे, सुगंधी तेल, बाटल्या, रिबिनी असं सगळं नव्याने आणून तीन मेणबत्त्या केल्या, तर तयार मेणबत्त्या त्याहून स्वस्त मिळाल्या असत्या. खर्च वाढतो तो पहिल्या सामानामुळे. म्हणून दहा जणांसाठी दहा वेगवेगळ्या वस्तू करण्यापेक्षा एकच प्रकार निवडा आणि तो सगळ्यांसाठी करा. सामान एकदाच येतं, हात बसतो आणि शेवटची वस्तू पहिलीपेक्षा हमखास चांगली होते. वेगळेपणा रंगात, वासात, नावाच्या चिठ्ठीत आणता येतो.

दुसरं म्हणजे आधी घरात शोधा. जॅमच्या रिकाम्या बरण्या, उरलेली लोकर, न वापरलेली ओढणी, अर्ध्या राहिलेल्या वह्यांचे कोरे कागद, कुंडीत पसरलेलं रोप. काय करायचं ते या शोधानंतर ठरवा.

समोरच्याला कंजूषपणा वाटला तर?

ही भीती देणाऱ्याच्या मनात जितकी असते तितकी घेणाऱ्याच्या मनात नसते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. भेट जितकी महाग तितकी ती जास्त आवडेल, असा देणाऱ्यांचा अंदाज होता. घेणाऱ्यांच्या आनंदाचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. पुढे २०१५ मध्ये हाताने केलेल्या वस्तूंवर झालेल्या एका अभ्यासात लोकांना अशा वस्तूंमध्ये करणाऱ्याचं प्रेम उतरलेलं जाणवतं असं आढळलं. जवळच्या माणसासाठी हस्तनिर्मित वस्तू निवडण्याकडे कल जास्त होता, लांबच्या ओळखीसाठी कमी.

हा दुसरा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. बहीण, जुना मित्र, काकू, शेजारी यांना हातची वस्तू द्या. ज्यांच्याशी फक्त कामापुरता संबंध आहे त्यांना नीट लिहिलेलं शुभेच्छापत्र पुरतं.

कोणाला काय द्यायचं हे कसं ठरवू?

आपल्याला काय करायला आवडतं इथून सुरुवात केली की गडबड होते. क्रोशाची आवड आहे म्हणून सगळ्यांना क्रोशाचे रुमाल गेले, तर त्यातले बरेच कपाटात पडून राहतात. त्या माणसाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी उठल्यावर तो काय हातात घेतो? कुठे बसतो? कशावरून नेहमी कुरकुर करतो? चष्मा सतत हरवणाऱ्या आजोबांना उशाशी लटकवायची कापडी पिशवी द्या. याद्या करणाऱ्या वहिनीला खिशात मावेल अशी वही द्या. भाड्याच्या लहान खोलीत राहणाऱ्या भाच्याला शोभेची वस्तू नको असते, त्याला संपणारं काहीतरी द्या: खाऊ, साबण, मेणबत्ती.

शंका असेल तर संपणारी वस्तू निवडा. ती जागा अडवत नाही आणि ‘भिंतीवर का लावली नाहीस?’ असं कोणी विचारत नाही.

किती दिवस आधी सुरुवात करावी?

वस्तूवर अवलंबून आहे. कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या साबणाला मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. पाण्यात ठेवलेल्या फांदीला मुळं फुटून ती कुंडीत रुळायला महिना ते दीड महिना. सोया मेणाची सुगंधी मेणबत्ती एक-दोन आठवडे ठेवली की जळताना वास जास्त चांगला येतो. गळपट्टा विणायचा तर रोज संध्याकाळी थोडं याप्रमाणे काही आठवडे धरा. वही एका संध्याकाळी होते, कोरडी मिश्रणं तासाभरात. ताजा खाऊ मात्र द्यायच्या आदल्या दिवशीच करा.

माझ्या हातात अजिबात कला नाही. मी काय करू?

वही शिवा. चित्रकला लागत नाही, मशीन लागत नाही आणि झालेली वस्तू बघून लोकांना विश्वास बसत नाही.

ए-फोर आकाराचे आठ कोरे कागद एकत्र मधोमध दुमडा. बत्तीस पानांची वही तयार. मुखपृष्ठासाठी जाड कार्डशीट घ्या. ती दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकते त्या दिशेने घडी घाला, म्हणजे घडीवर कागद फाटत नाही. घडीच्या जागी आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली तर घडी सुरीसारखी बसते.

आता कागद मुखपृष्ठात ठेवा आणि घडीच्या रेषेवर आतून तीन भोकं पाडा: एक बरोबर मध्ये, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर. जाड सुईने आधी भोकं पाडून घेणं महत्त्वाचं, नाहीतर शिवताना कागद सरकतो. वहीच्या उंचीच्या तिप्पट दोरा घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा, म्हणजे तो गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत न्या. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर या आणि शेवटी मधल्या भोकातून पुन्हा आत. दोऱ्याची दोन टोकं आता आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत. तो टाका मध्ये धरून घट्ट गाठ मारा. आतली पानं कडेला थोडी पुढे आलेली दिसतील, ती पोलादी पट्टी आणि कटरने एका रेषेत कापा.

पहिल्या पानावर त्या माणसासाठी दोन ओळी लिहा. बाकीची पानं त्याची.

मेणबत्त्या करणं घरात सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवा. मेण फार तापलं तर पेट घेऊ शकतं. पेटलंच तर त्यावर पाणी टाकायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवायचं. मेण वितळत असताना तिथून हलू नका आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका, थंड झालं की नळी तुंबते.

२०० मिलीलिटरच्या ग्लासात, वर थोडी जागा सोडून, साधारण १५० ग्रॅम सोया मेण मावतं. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के पुरतं, म्हणजे ९ ते १२ ग्रॅम. जास्त घातलं तर वास वाढत नाही, तेल वर तरंगतं. तेल घातल्यावर दोन मिनिटं सावकाश ढवळा, जोरात फेटलं तर बुडबुडे धरतात.

खरी मेख वातीत आहे. ग्लास रुंद आणि वात बारीक असेल तर मध्ये खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच राहतं. वात फार जाड असेल तर ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि काच तापते. म्हणून एकदम डझनभर करू नका. एक करा, दोन-तीन तास जाळून बघा, वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचतंय का पाहा आणि मग बाकीच्या करा. वात मधोमध उभी राहावी म्हणून ग्लासवर दोन पेन्सिली आडव्या ठेवून त्यांच्यात पकडायची.

वर वाळलेली फुलं, दालचिनीच्या काड्या रोवलेल्या मेणबत्त्या फोटोत सुंदर दिसतात, पण मी त्या कुणाला देणार नाही. फुलं पेटतात. पातळ काचेचे ग्लासही नकोत, ते तडकतात. सोबत चिठ्ठी लिहा: दर वेळी पेटवण्याआधी वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापावी आणि पहिल्यांदा वरचं मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत जळू द्यावी.

साबण घरी करता येतो का?

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग तयार साबणबेसचा. ती वडी कापून, वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतायची, काही तासांत साबण तयार. वर आलेले बुडबुडे स्पिरिटच्या फवाऱ्याने जातात. ग्लिसरीन असलेला साबण दमट हवेत घाम सुटल्यासारखा ओला होतो, म्हणून साच्यातून काढल्याबरोबर प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा.

दुसरा मार्ग तेल आणि कॉस्टिक सोड्याचा. तो शिकण्यासारखा आहे, पण सणाच्या घाईत, घरात लहान मुलं असताना नाही. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो: १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे चमच्याने नव्हे, वजनानेच मोजायचं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, कारण सोड्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो. सुरक्षा चष्मा आणि हातमोजे हवेतच.

खाण्याच्या वस्तूंमध्ये काय काळजी घ्यावी?

इथे हौसेपेक्षा सुरक्षितता मोठी, कारण आपली वस्तू दुसऱ्याच्या पोटात जाणार आहे.

सगळ्यात बिनधोक म्हणजे कोरडी मिश्रणं. बरणीत कोको, दूध पावडर, साखर यांचं गरम पेयाचं मिश्रण, किंवा डाळी, सुक्या भाज्या आणि मसाल्याचे थर असलेलं सूप. बरणी आणि चमचा पूर्ण कोरडा हवा. थर लावताना प्रत्येक थर दाबून सपाट करा, म्हणजे वाहतुकीत ते मिसळत नाहीत. सूपमध्ये राजमा घालणार असाल तर चिठ्ठीवर ठळक लिहा: ‘रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मग शिजवा.’ कच्च्या किंवा मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या एका नैसर्गिक विषारी घटकाने जोराच्या उलट्या होतात.

जॅम द्यायचा असेल तर स्वच्छ बरण्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, गरम असतानाच गरम जॅमने भरा. जॅम साधारण १०५ अंश सेल्सियसला आला की बसतो. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमधल्या बशीत थेंब टाका आणि बोटाने ढकला, सुरकुती पडली की झाला. साखर निम्म्यावर आणायचा मोह टाळा, जॅम टिकतो तो साखरेमुळेच.

एक वस्तू मात्र देऊच नका: ताज्या लसणाच्या पाकळ्या, मिरच्या किंवा हिरवी पानं बुडवलेलं तेल. दिसतं छान, पण तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना नेमकं तेच मानवतं. ते वाढले तरी वास, रंग, चव काहीच बदलत नाही. तोच स्वाद द्यायचा असेल तर पूर्ण वाळवलेली पानं मिठात कुटून द्या.

प्रत्येक बरणीवर काय आहे, केव्हा केलं, केव्हापर्यंत संपवावं आणि शेंगदाणे, इतर सुका मेवा, दूध, गहू, तीळ यांपैकी काय आहे ते लिहा. मध असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये हेही लिहा.

अंगाला लावायच्या वस्तू करता येतील का?

ज्यात पाणी नाही अशाच करा. पाणी आलं की बुरशी येते आणि मग संरक्षक रसायनं लागतात. दोन भाग साखर आणि एक भाग तेल मिसळलं की अंग घासायचा स्क्रब झाला. ओल्या हाताने न घेता चमच्याने घ्यावा आणि न्हाणीघराची फरशी निसरडी होते, एवढं चिठ्ठीत लिहा. ओठांसाठी एक भाग मधमाश्यांचं मेण, एक भाग शिया बटर आणि दीड-दोन भाग तेल गरम पाण्यावर वितळवा. थंड चमच्यावर थेंब टाकून बघा: कडक वाटला तर तेल वाढवा, फार मऊ वाटला तर मेण. सुगंधी अर्क एक टक्क्यापेक्षा जास्त नको आणि लहान मुलांसाठी मुळीच नको.

रोप भेट देणं कसं वाटेल?

फार छान. खर्च जवळपास शून्य आणि भेट वाढत राहते. मनीप्लांटची फांदी कापताना एक गोष्ट बघायची: तुकड्यावर किमान एक पेर हवं. मुळं पेरापासूनच फुटतात, नुसतं पान पाण्यात हिरवं राहील पण वेल होणार नाही. पाणी आठवड्याला बदला. मुळं तीन-चार सेंटिमीटरची झाली की मातीत लावा. रसाळ पानांच्या झाडांचं उलटं असतं: तुकडा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायचा, मग कोरडसर मातीत टेकवायचा.

घरी मांजर किंवा कुत्रा असेल तर मनीप्लांट देऊ नका, चावलं तर तोंडाची आग होते. स्पायडर प्लांट त्यांना बाधत नाही आणि त्याची पिल्लंही भराभर येतात.

विणकाम, शिवणकाम?

येत असेल तर उत्तम, पण सणासाठी नव्याने शिकायला घेऊ नका. गळपट्टा १५–२० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब पुरतो. लोकर धुता येणारी घ्या. सुती कापडाची पिशवी शिवणार असाल तर कापड आधी धुऊन वाळवा, ते आटतं.

ज्यांच्याकडे सगळं आहे अशा वडीलधाऱ्यांना काय द्यावं?

आठवणी. माझ्या मते या सगळ्या यादीतली सर्वांत मोलाची भेट हीच आहे.

घरातल्या कुणा एकाकडे जुने फोटो असतात आणि बाकीच्यांनी ते वर्षानुवर्षं पाहिलेले नसतात. ते ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा. छापायचे तर १० × १५ सेंटिमीटरच्या फोटोसाठी साधारण १२०० × १८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे मागवलेले फोटो दबलेले येतात, म्हणून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. चिकट पानांचे अल्बम टाळा, त्यात फोटो पिवळे पडतात. अॅसिड नसलेल्या कागदावर कोपरे लावून बसवा. प्रत्येक फोटोखाली माणसांची नावं, ठिकाण आणि अंदाजे साल लिहा. फोटो दाखवून विचारायला बसलात की ‘ही माझ्या शेजारी उभी आहे ना, ती...’ अशी सुरुवात होते. तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायची परवानगी घ्या. ते ध्वनिमुद्रण भावंडांसाठी वेगळी भेट होते.

तसंच आईच्या, मावशीच्या हातच्या पदार्थांची वही. ‘अंदाजाने घालायचं’ हे उत्तर येणारच, म्हणून त्या करत असताना शेजारी उभं राहा आणि त्यांची मूठ भांड्यात पडण्याआधी वाटीत मोजून घ्या.

लहान मुलांना काय करू द्यावं?

मिठाची कणीक. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ आणि मळता येईल इतकं, साधारण पाऊण ते एक वाटी पाणी. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून मुलाच्या हाताचा ठसा घ्या, टांगायला भोक पाडा आणि ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. मागे नाव आणि तारीख कोरा. मुलांनीच रंगवावं, तुम्ही सुधारू नये. दमट हवेत ती मऊ पडते, म्हणून वरून वॉर्निश हवं. कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला घातक ठरतं.

पैसे अजिबात नसतील तर?

वेळ द्या, पण तारखेसकट. ‘कधीही सांग, मुलं सांभाळीन’ असं कूपन कुणी वापरत नाही, कारण मागायला संकोच वाटतो. ‘पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ मुलं माझ्याकडे, तुम्ही दोघं बाहेर जा’ असं लिहिलेली चिठ्ठी खरी भेट असते.

वेष्टनावर खर्च कसा टाळावा?

तपकिरी कागद आणि सुतळी पुरते. बटाटा अर्धा कापून त्यावर चांदणी किंवा पान कोरा, रंगात बुडवून ठसे उमटवा. चौकोनी कापडात बांधायची जपानी पद्धत, फुरोशिकी, याहून सुंदर. वस्तू कापडाच्या कर्णाच्या साधारण एक तृतीयांश लांबीची असावी, म्हणजे गाठ नीट बसते. जुनी ओढणी किंवा मोठा रुमाल चालतो आणि तोही भेटीचा भाग होतो.

लांब पाठवायचं असेल तर?

काच आणि मेण टाळा. वही, फोटो, कापडी वस्तू, कोरडी मिश्रणं पाकिटात घालून पाठवा. काच पाठवणं भागच असेल तर खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून कागदाचे बोळे. हलवून पाहा, आवाज आला तर अजून भरा. गरम हवेत मेणबत्ती आणि लिप बाम वाटेत वितळतात.

केलेली वस्तू द्यायच्या लायकीची आहे का, हे कसं ओळखू?

स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. मायकल नॉर्टन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नवख्यांनी केलेल्या कागदी घड्यांच्या कलाकृती त्यांना स्वतःला तज्ज्ञांच्या तोडीच्या वाटल्या, इतरांना तशा वाटल्या नाहीत. म्हणून एक नमुना वापरून पाहा आणि दुसरा घरातल्या स्पष्टवक्त्या माणसाला वापरायला द्या. त्याने आठवडाभर वही वापरली आणि दोरा ढिला पडला नाही, साबण मऊ पडला नाही, तर बाकीच्या बिनधास्त द्या.

उद्याच द्यायचंय आणि काहीच तयार नाही. आता काय?

पत्र लिहा. हाताने, एक पान. ‘तू खूप चांगली आहेस’ असं मोघम नको. या वर्षात त्या माणसाने तुमच्यासाठी केलेली एक ठरावीक गोष्ट घ्या: कोणत्या दिवशी, कुठे, काय म्हणाला, त्यानंतर तुमचं काय हलकं झालं. कच्चं लिहून मग स्वच्छ उतरवा, तारीख घाला. वेळ उरला तर कागद तिहेरी दुमडून सुतळीने बांधा आणि सकाळी स्वतः नेऊन द्या.